रोजच्या वापरात प्रायव्हसीवाली सॉफ्टवेअर्स आणलीत का कोणी? घरच्यांसकट?

पाचपाखाडीकर | शनिवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,
बरेच दिवस डोक्यात होतं, आज मुहूर्त लागला. घरात २०१७ चा एक लॅपटॉप आहे, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. मी नवीन घेतला तेव्हा तो बाबांकडे गेला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेत, दिवसभर त्यावर मराठीत लिहीत बसतात. सध्या कुळाचा इतिहास चाललाय. तोही सातव्या पिढीवर अडकलाय, लॅपटॉपसारखाच.

तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सिक्युरिटी अपडेट एक वर्ष वाढवून मिळतात, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण फुकट हवे असतील तर त्यांच्या अकाउंटने लॉगिन करून आपल्या सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर सिंक करा, नाहीतर ३० डॉलर मोजा. (पॉइंट्सची पण एक भानगड आहे, ती मला कळली नाही.) हे वाचलं आणि माझी सटकली. म्हटलं आता हात घातलाच आहे तर सगळंच करू, विंडोजऐवजी लिनक्स टाकू, क्रोमऐवजी फायरफॉक्स आणू, मेल बदलू, व्हॉट्सॲप सोडून सिग्नलवर जाऊ, फोटो दुसरीकडे हलवू. बायको म्हणाली आधी किचनच्या नळाचा वॉशर बदल.

थिअरी नकोय, यूट्यूबवर रग्गड आहे. खरंच कोणी केलंय का, काय टिकलं, काय पंधरा दिवसांत परत जुन्यावर आलं, आणि घरच्यांनी किती शिव्या घातल्या ते सांगा.

आळशी_मांजर | शनिवार, रात्री ११:०४

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. वॉशरचं काय झालं तेही कळवा.

टोनर_संपला | शनिवार, रात्री ११:१५

लिनक्सवर प्रिंटर चालतो का?

ट्रान्सहार्बर | रविवार, सकाळी ९:३०

मी रोज ठाणे ते घणसोली आणि तिथून महापे करते. आयटीत आहे पण हे सगळं शिकले ते ट्रेनमध्ये उभ्याउभ्या. चार वर्षं झाली, दोनदा तोंडावर पडून झालंय, त्यावर लिहिते.

सगळं एका वीकेंडला करू नका. मी केलं होतं. सोमवारी सकाळी बँकेच्या साइटचा पासवर्ड सापडेना, नवरा दुसऱ्या खोलीतून ओरडतोय की नेटफ्लिक्समधून सगळेच बाहेर फेकले गेलेत आणि मी ९:०४ च्या गाडीत. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या गोष्टीला दुसऱ्या कोणाची परवानगी लागत नाही ती आधी बदला. ज्यात आख्खं खानदान अडकलंय ते सगळ्यात शेवटी.

ब्राउझर आज बदला, दहा मिनिटांचं काम. फायरफॉक्स टाका आणि त्यात युब्लॉक ओरिजिन, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले (मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात त्याला) त्यामुळे पूर्ण ताकदीचं युब्लॉक तिथे आता चालत नाही, लाइट आवृत्ती आहे. फायरफॉक्समध्ये मूळचं चालतं. जाहिराती गेल्या की पानं भराभर उघडतात आणि घरच्यांना पटतं ते हेच. माझ्या सासूबाईंना प्रायव्हसीबद्दल एक शब्द बोलले नाही, फक्त "आई, रेसिपीच्या पानावर मध्ये मध्ये साडीची जाहिरात येणार नाही आता" एवढंच सांगितलं.

मग पासवर्ड. ते सांभाळायला बिटवॉर्डन घ्या, कोड खुला आहे, फुकटच्या अकाउंटमध्ये पासवर्ड कितीही आणि डिव्हाइस कितीही. क्लाउड अजिबातच नको असेल तर कीपासएक्ससी, पण ती फाइल तुमची तुम्ही सांभाळायची.

मेलला सगळ्यात जास्त वेळ लागतो. जुना पत्ता बंद करायचा नाही!! प्रोटॉन किंवा टूटा, एकावर नवीन पत्ता उघडायचा आणि जिथे जिथे लॉगिन कराल तिथे त्या दिवशी तेवढाच बदलायचा. वीजबिल आलं, बदला. एलआयसीचा मेल आला, बदला. मला चौदा महिने लागले आणि जुन्या पत्त्यावर अजूनही शाळेच्या बॅचचे मेल येतात, येऊ देत.

आणि ऑफिसचा लॅपटॉप यात धरू नका. तो कंपनीचा, त्यावर काय दिसतं ते कंपनीला दिसतं, त्यावर स्वतःचं काही उघडायचंच नाही.

खाडीकिनारी | रविवार, सकाळी १०:११

एवढा आटापिटा कशासाठी? माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाहीये बुवा. बघू देत काय बघायचं ते. फुकट मॅप, फुकट मेल, त्याबदल्यात दोन जाहिराती दाखवल्या तर काय झालं.

आळशी_मांजर | रविवार, सकाळी १०:२०

@खाडीकिनारी, पुढच्या लग्नात जेवणाच्या रांगेत एखादी मावशी भेटेल, ती पगाराचा आकडा विचारेल. सांगून दाखवा. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

खाडीकिनारी | रविवार, सकाळी १०:३८

घेतले दिवे. मावशीला आकडा आधीच माहीत असतो ही गोष्ट वेगळी. पण मी इनकॉग्निटो वापरतो की, तेवढं पुरे नाही का?

वाचनमात्र_१२ | रविवार, सकाळी ११:०२

एरवी फक्त वाचतो, पण हे राहवलं नाही. इनकॉग्निटो म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर हिस्ट्री राहत नाही, संपलं. घरात एकच लॅपटॉप असेल तर बायकोसाठी घेतलेल्या सरप्राइज गिफ्टची जाहिरात तिला दिसू नये एवढा त्याचा उपयोग. समोरची साइट, तुमची इंटरनेट कंपनी, ऑफिसचं नेटवर्क यांना तुम्ही कुठे गेलात ते कळायचं ते कळतंच. यावरून अमेरिकेत गूगलवर खटला झाला होता आणि २०२४ मध्ये तडजोड होऊन इनकॉग्निटोतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं त्यांनी कबूल केलं. काही गोळाच होत नसतं तर नष्ट काय करणार?

लपवण्यासारखं नसतं म्हणता ना, माझा अनुभव ऐका. गेल्या वर्षी कासारवडवलीला फ्लॅट बघत होतो. एका साइटवर गृहकर्जाचा हप्ता किती बसेल ते बघायला आकडे टाकले, नंबर दिल्याशिवाय उत्तर दाखवेना म्हणून नंबर दिला. संध्याकाळपर्यंत अकरा फोन. फ्लॅट घेतला नाही, फोन अजून येतात. हल्ली तर "सर, बजेट वाढलं का?" असं आपुलकीने विचारतात.

सीए_काकू | रविवार, दुपारी १२:४५

माझं नौपाड्यात छोटं ऑफिस आहे, चार मुली आणि मी. प्रायव्हसी वगैरे सगळं मान्य, क्लायंटचे पॅन नि बँक स्टेटमेंट माझ्याकडे असतात त्यामुळे मला तर जास्तच मान्य. पण ऑफिसच्या मशीनवरून विंडोज काढायचं म्हणाल तर साफ नाही. टॅली विंडोजसाठीच बनवलेली आहे. डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावायचं, त्याचा ड्रायव्हर, वर सही करायची युटिलिटी, हे विंडोजवरच कधी चालतं कधी रुसतं, लिनक्सवर ते जुळवत बसायला माझ्याकडे वेळ नाही. लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखंच, पण फुकट) घरी वापरते, साधं पत्र, साधी शीट, काही अडत नाही. पण क्लायंटकडून मॅक्रो ठासून भरलेली एक्सेल आली की त्यात ती नीट चालत नाही, आणि मग "मॅडम तुमच्याकडे उघडत नाही का?" ऐकावं लागतं.

मी काय केलं ते सांगते. ऑफिसमध्ये क्लायंटची कागदपत्रं व्हॉट्सॲपवर मागवणं बंद केलं. आधारची प्रत लागली तर मास्क्ड आधार मागते, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे, यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं. निम्म्या क्लायंटना ते असतं हेच माहीत नव्हतं. याला नवीन सॉफ्टवेअर काहीच लागलं नाही.

आणि कृपा करून मार्चमध्ये काहीही बदलू नका. कुठलंच.

टोनर_संपला | रविवार, दुपारी १:३०

काकू, तुमच्या घरच्या लिब्रेऑफिसवरून प्रिंट येते का?

घणसोली_गावठाण | रविवार, दुपारी ३:१७

मॅपचं कोणी बोललंच नाही. मी दोन वर्षं ऑरगॅनिक मॅप्स वापरतो. एकदा महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घेतला की नेट बंद असलं तरी चालतो, आणि तुम्ही कुठे फिरलात ते कोणाला कळवत बसत नाही. आतला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, २००४ पासून लोकांनी हाताने भरलेला. म्हणजे चुकीचं असेल तर आपण स्वतः दुरुस्त करायचं. आमच्या गावठाणातल्या गल्ल्या त्यात धड नव्हत्याच, सेक्टरचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे आणि मधे गावाच्या जागी नुसती पोकळी. मी रोज जेवल्यावर शतपावली करताना एकेक गल्ली भरली. मंदिर, विहीर, पिठाची गिरणी सगळं टाकलं. आता कुरिअरवाला फोन करतो तेव्हा "गिरणीसमोर" म्हटलं की मला अभिमान वाटतो, त्याच्याकडे तो मॅप नसला तरी.

वाघबीळ_वाघोबा | रविवार, दुपारी ३:४०

त्यात ट्रॅफिक दिसतं का?

घणसोली_गावठाण | रविवार, दुपारी ३:४४

नाही. लाइव्ह ट्रॅफिक नाही, ती उणीव आहे. दुसऱ्यांचे फोन कुठे अडकलेत ते गोळा केल्याशिवाय ट्रॅफिक दाखवणार कसं?

वाघबीळ_वाघोबा | रविवार, दुपारी ३:५१

आम्हाला तसंही नको. घोडबंदर रोड नेहमी लालच असतो, मी कागदावर लाल रेघ मारून डॅशबोर्डला चिकटवलीय. पूर्ण ऑफलाइन आणि ट्रॅकिंग शून्य.

खारघर_हिल | रविवार, रात्री ९:२०

इंजिनिअरिंगला आहे, आमच्या होस्टेलवर सगळे सिग्नलवर आहेत. (होते, खरं तर. सांगतो पुढे.)

लोकांचा एक गैरसमज असतो की व्हॉट्सॲपवर मेसेज कंपनी वाचते. मेसेज दोन्ही ॲप्समध्ये एन्क्रिप्टेडच जातात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणाला वाचता येत नाहीत, व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सिग्नलचाच प्रोटोकॉल सगळीकडे लावला. फरक बाकीच्या गोष्टींत आहे, कोण कोणाशी किती वाजता बोलतं, कुठल्या ग्रुपमध्ये आहे, फोनबुकात कोण आहे. २०२१ च्या जानेवारीत त्यांची पॉलिसी बदलली आणि सगळे सिग्नलवर पळाले ते आठवत असेल. त्याच पॉलिसीवरून आपल्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३ कोटींचा दंड केला, मग तो वाद अपिलात गेला. उलट सिग्नलला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने एका युजरची माहिती मागितली तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कनेक्ट कधी झालं. बाकी साठवलेलंच नव्हतं. मागे ना-नफा फाउंडेशन आहे आणि त्याला सुरुवातीचे ५ कोटी डॉलर देणारा माणूस व्हॉट्सॲपच्याच दोन संस्थापकांपैकी एक, ब्रायन ॲक्टन.

आता माझी फजिती. साठवत नाहीत म्हणजे खरंच साठवत नाहीत. माझा फोन पांडवकड्याच्या धबधब्यात गेला (तिथे पावसाळ्यात जायला बंदी असते, घरी सांगू नका). अँड्रॉइडवर माझं बॅकअप फोनमध्येच व्हायचं, त्याला तीस आकडी की, म्हणजे किल्ली, असायची. बॅकअपची फाइल मी लॅपटॉपवर घेतली होती. ती तीस आकड्यांची की स्क्रीनशॉट काढून ठेवली होती. स्क्रीनशॉट कुठे होता ते तुम्ही ओळखलंच असेल.

आळशी_मांजर | रविवार, रात्री ९:३१

फोनमध्ये. 😭

ट्रान्सहार्बर | रविवार, रात्री ९:५५

@खारघर_हिल, म्हणूनच माझ्या आईची पद्धत बेस्ट. कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी वायफायचा पासवर्ड लिहिलेला असतो. हसू नका, रशियातला हॅकर आमच्या स्वयंपाकघरात येऊन कालनिर्णय उलटणार नाहीये. बिटवॉर्डनचा मुख्य पासवर्ड मी पण कागदावर लिहून कपाटात ठेवलाय, नवऱ्याला माहीत आहे कुठे. उद्या मला काही झालं तर त्याला वीजबिल भरता आलं पाहिजे.

दोन_लेकरांची_आई | सोमवार, दुपारी २:१०

फोटोंचं कोणी काय केलंय? गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला बंद झाली, तेव्हापासून १५ जीबी सगळं मिळून, मेलसकट. आमची १५ जीबी धाकट्याच्या पहिल्या वाढदिवसालाच भरली. मी एन्टे घेतलं. आपल्या केरळच्या माणसाने सुरू केलेलं आहे, मल्याळममध्ये एन्टे म्हणजे "माझं". फोटो फोनवरच कुलूपबंद होऊन मग वर जातात, त्यामुळे त्यांनाही दिसत नाहीत. जास्त जागेला पैसे पडतात, ते देते.

नवऱ्याने आधी घरीच सर्व्हर लावला होता, इमिच का काय. झकास चालायचं. पण महिनाभरातच कळलं की घरचा सर्व्हर म्हणजे घरातलं तिसरं लेकरू, रात्री उठून बघावं लागतं. एकदा लाइट गेली ती आली तरी हा उठेचना (सर्व्हर), आणि नवरा टूरवर. मी सरळ बंद केला.

निवृत्त_पण_ऑनलाइन | सोमवार, सायंकाळी ५:०५

धागाकर्त्यांस, मी ७२ वर्षांचा असून सानपाडा येथे राहतो. गेली तीन वर्षे लिनक्स मिंट वापरत आहे. नातवाने बसवून दिले. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन आधी इन्स्टॉल न करता नुसते चालवून बघता येते, वायफाय, आवाज, कॅमेरा चालतो का ते पाहावे आणि मगच बसवावे. सध्याची २२ ची मालिका २०२९ पर्यंत सांभाळणार आहेत, म्हणजे मी ७५ पार करीन. खालच्या कोपऱ्यात मेनू आहे, घड्याळ उजवीकडे आहे, मला वेगळे असे काही वाटले नाही. अपडेट मी सांगतो तेव्हा होते, हे मला सर्वांत आवडले. पूर्वी भजनी मंडळाची यादी टाइप करताना मधेच निळा पडदा येऊन "कृपया बंद करू नका" म्हणायचा.

मात्र मोबाइलच्या बाबतीत अतिरेक करू नये. पेन्शनसाठी हयातीचा दाखला मी चेहरा दाखवून घरून देतो, त्यासाठी जीवन प्रमाण आणि आधारचे चेहरा ओळखणारे ॲप दोन्ही लागतात. एका उत्साही तरुणाने माझ्या फोनमध्ये दुसरीच सिस्टिम घालून देतो म्हटले, मी नम्रपणे नकार दिला.

खारघर_हिल | सोमवार, सायंकाळी ५:३०

बरोबर केलंत काका. कस्टम रॉम, म्हणजे तीच दुसरी सिस्टिम, टाकला की बऱ्याच बँकांची ॲप्स उघडायलाच नकार देतात, यूपीआयवर जगणाऱ्याने तो धंदा एकुलत्या एका फोनवर करू नये. त्यापेक्षा आहे त्याच फोनमध्ये सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, ॲड्स असं जाऊन ॲडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा, आणि टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला लागतात ते विचारा. कीबोर्ड हवा असेल तर हेलीबोर्ड बघा, इंटरनेटची परवानगीच मागत नाही. त्यात बोलून टाइप करता येत नाही, आज्यांना ते चालत नाही.

स्वदेशी_मिसळ | सोमवार, रात्री ८:४८

सगळे परदेशी पर्यायच का? चॅटला अरट्टाई वापरा की, आपल्या झोहोचं आहे, डेटा भारतात राहतो.

वाचनमात्र_१२ | सोमवार, रात्री ९:१४

देशी असणं आणि खासगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळे अरट्टाईवर धावले तेव्हा त्यात कॉल एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड होते, चॅट नव्हते. कुलूप कुठल्या गावात बनलं यापेक्षा किल्ली कोणाकडे आहे ते बघायचं.

स्वदेशी_मिसळ | सोमवार, रात्री ९:२०

मुद्दा मान्य. पण मिसळ मात्र स्वदेशीच.

वाघबीळ_वाघोबा | सोमवार, रात्री ९:२६

सोसायटीच्या गेटवरच्या ॲपबद्दल कोणी बोलणार आहे का? मावशी घरकामाला आली की माझ्या फोनवर टिंग, गेली की टिंग. पाहुण्याचा फोटो, नंबर, गाडीचा नंबर, सगळं त्या वॉचमनच्या टॅबलेटमध्ये. टॅबलेटचा पिन चार वेळा शून्य. मी एजीएममध्ये विचारलं हा डेटा किती दिवस ठेवतात, तर सेक्रेटरी म्हणे "तुम्हाला काय लपवायचंय?" आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्या भाडेकरूंच्या आधारची एकच पीडीएफ पडली, पोलीस व्हेरिफिकेशनसाठी म्हणून. २१६ मेंबरांच्या ग्रुपवर! मी खासगीपणाच्या हक्काचा २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा पुट्टास्वामी निकाल आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा असं दोन पानी पत्र दिलं. उत्तर आलं की पार्किंगची थकबाकी भरा.

आळशी_मांजर | सोमवार, रात्री ९:३३

भरलीत का?

वाघबीळ_वाघोबा | सोमवार, रात्री ९:३४

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक_मंडळ | सोमवार, रात्री १०:००

सोसायटी आणि पार्किंगसाठी वेगळा धागा आहे (४०० प्रतिसाद झालेत). कृपया मूळ विषयावर या.

पाचपाखाडीकर | शुक्रवार, रात्री ११:४०

सगळ्यांना धन्यवाद, वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). लिनक्स मिंट टाकलं. तासाभरात झालं, वायफाय चालू, आवाज चालू, बाबा खूश. आणि मग त्यांनी कुळाचा इतिहास उघडला.

पडद्यावर सगळं इंग्रजी कचरा. दोनशे चौदा फाइली. "सन १७९० च्या सुमारास" असं जिथे होतं तिथे नुसती एबीसीडी, कंस नि तिरक्या रेघा. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आत जाऊन पडले. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं. बॅकअप होतं, फाइली आहेत, पण आता काय? कोणाला माहीत आहे का? प्लीज.

डीटीपी_राममारुती | शनिवार, सकाळी ७:०५

घाबरू नका, काही गेलेलं नाही. सव्वीस वर्षं याच धंद्यात काढलीत, लग्नपत्रिका ते पीएचडी.

झालंय असं की त्या फाइलींत मराठी कधी नव्हतंच. जुने फाँट, कृतीदेव, शिवाजी वगैरे, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. कृतीदेवमध्ये "मराठी" टाइप केलं की फाइलमध्ये आतून जातं ई, जे, के, मोठा बी, एच. फाँट अंगावर असेपर्यंत ते मराठी दिसतं, फाँट उतरला की आतला इंग्रज बाहेर. लिनक्सचा यात दोष नाही, नव्या विंडोजवर तो फाँट नसता तरी हेच झालं असतं. बाबांचा फाँट विंडोजच्या फाँट फोल्डरमध्ये असेल, बॅकअपमधून ती फाइल काढा, मिंटमध्ये डबल क्लिक करून इन्स्टॉल करा, आज दुपारपर्यंत बाबांना त्यांचं लिखाण दिसेल. आधी ते करा, बाकीचं नंतर.

मग सावकाश युनिकोडमध्ये (त्यात फाइलच्या आतही मराठीच असतं) बदलून घ्या, नाहीतर दहा वर्षांनी नातवंडं याच जागी बसतील. कन्व्हर्टर ऑनलाइन ढिगाने आहेत, पण तुमचा धागाच प्रायव्हसीचा आहे म्हणून सांगतो, अख्ख्या खानदानाची नावं, गावं, जमिनीचे वाद कुठल्यातरी अनोळखी साइटवर पेस्ट करू नका. बरेचसे कन्व्हर्टर म्हणजे एक साधं वेबपान असतं, ते सेव्ह करा, वायफाय बंद करा आणि मग चालवा. चालतं. बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्याखालून घाला, तिथेच घोळ होतात. "सूर्य"चा रफार पुढच्या अक्षरावर जातो आणि "दुसऱ्या"चं काहीही होतं.

निवृत्त_पण_ऑनलाइन | शनिवार, सकाळी ७:४०

आतला इंग्रज बाहेर! वा.

पाचपाखाडीकर | शनिवार, दुपारी १:१५

दिसलं!!! फाँट टाकला आणि दिसलं. दादा, राम मारुती रोडला कुठे असता, चहा पाजतो.

पाचपाखाडीकर | रविवार, रात्री १०:३० (तीन आठवड्यांनी)

अपडेट द्यायचं कबूल केलं होतं म्हणून.

फायरफॉक्स सगळ्या मशीनवर, कोणाला कळलंही नाही. बिटवॉर्डन मी आणि बायको. मेल प्रोटॉनवर उघडला, आत्तापर्यंत नऊ ठिकाणी पत्ता बदलला, @ट्रान्सहार्बर म्हणतात तसं चौदा महिने लागणार हे दिसतंय. मॅप दोन्ही ठेवलेत, गावाला जाताना ऑरगॅनिक, ठाण्यात लाल रेघ. फोटो अजून तिथेच, त्यावर घरात एकमत नाही. सिग्नलवर माझ्यासकट पाच जण आले, त्यातला एक मेव्हणा, तो तिथेही गुड मॉर्निंगच पाठवतो. फॅमिली ग्रुप व्हॉट्सॲपवरच आहे आणि तो हलणार नाही, मी सोडून दिलं.

बाबांच्या दोनशे चौदापैकी साठ फाइली युनिकोडमध्ये झाल्या. रोज संध्याकाळी दोघं बसतो, मी बदलतो, ते वाचून चुका काढतात. मास्तर आहेत, लाल पेनाने वहीत नोंद करतात. नवीन लिखाणासाठी इनस्क्रिप्ट, म्हणजे युनिकोडमध्ये मराठी टाइप करायची कळरचना, शिकतायत, ७० व्या वर्षी, की-बोर्डवर मी स्टिकर लावून दिलेत. फक्त एक अडलंय, "दुसऱ्या" लिहिताना त्यांना हवा तो र येत नाही, "दुसर्या" होतं आणि रफार वर जाऊन बसतो. मास्तरांना ते खपत नाही.

डीटीपी_राममारुती | रविवार, रात्री १०:४२

साधा र म्हणजे जे. शिफ्ट दाबून जे म्हणजे नुक्त्याचा ऱ. शिफ्ट-जे, मग डी म्हणजे हलन्त, मग य आणि काना. दुसऱ्या. बाबांना सांगा ही कळ महाराष्ट्रासाठीच आहे असं समजा, हिंदीवाल्यांना तिची गरज पडत नाही.

पाचपाखाडीकर | रविवार, रात्री १०:५८

आलं. बाबांनी "दुसऱ्या, तिसऱ्या, बिचाऱ्या, सुऱ्या" अशी अर्धं पान ओळ लिहून काढली आणि झोपायला गेले.

आळशी_मांजर | रविवार, रात्री ११:०१

वॉशर?

पाचपाखाडीकर | रविवार, रात्री ११:०३

बायकोने प्लंबर बोलावला.

टोनर_संपला | रविवार, रात्री ११:०९

चौथ्यांदा नाही, तिसऱ्यांदाच विचारतोय. लिनक्सवर प्रिंटर चालला का?

पाचपाखाडीकर | रविवार, रात्री ११:१६

हो हो, राहूनच गेलं. वायफायवाला आहे, पहिल्याच दिवशी आपोआप सापडला, ड्रायव्हरसुद्धा टाकावा लागला नाही. बाबांची पहिली युनिकोड फाइल प्रिंटला दिली, अर्धं पान आलं आणि शप्पथ सांगतो, टोनर संपला.